मागाल तिथं थांबा

खोली बघायला गेले तेव्हा मास्तर दाराच्या चौकटीला वर हात लावून उभे होते. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघत एवढंच म्हणाले, "कुठनं कुठं?"

मी म्हटलं, "माणमधनं. दहिवडीच्या पलीकडनं. इथं वाईत पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात लागलेय."

"लांबचा पल्ला हाय. या. दारात थांबू नका, आत सरका, आत सरका."

माझ्यामागे कुणीही नव्हतं. तरी मी सरकले.

आमच्या भागात एस.टी.च्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. माझे हे घरमालक सगळी नोकरी सांगली–महाबळेश्वर गाडीवर करून निवृत्त झाले होते. नोकरी सुटली, पण अंगातली गाडी सुटली नव्हती. चहा कधी बसून प्यायचे नाहीत. खांबाला खांदा टेकवून, पाय फाकवून प्यायचे. आता कुठलं वळण येईल आणि तोल जाईल, अशा बेतानं. लग्नाला गेले की मांडवाच्या मागच्या टोकाला उभं राहून बोटानं माणसं मोजायचे. कुठलाही कागद हातात आला की त्याची उभी घडी घालून दोन बोटांच्या बेचक्यात खोचायचे. लाइटबिल असो की लग्नपत्रिका. माझी नेमणुकीची ऑर्डर मी त्यांना अभिमानानं दाखवायला गेले, तर वाचून झाल्यावर तिचीही घडी घालून बोटांत खोचली. मी ओरडलेच.

अभिमान का नसावा? आमच्या सगळ्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. पुरुषांतसुद्धा कुणी नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, आमच्या दुष्काळी गावात पेढे वाटले तेव्हा पारावरचे लोक म्हणाले होते, "माणच्या पोरीला पाणीपुरवठा! आता टँकर तुमच्या दारातनं हलत न्हाई बगा." टँकर आमच्या दारात काही उभा राहिला नाही, पण माझा पगार दर महिन्याला घरी जात होता. हे सगळं मी मास्तरांना पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून मला नाव राहिलं नाही. "ओ बी.ए., तुमचं दूध उतू चाललंय." "ओ बी.ए., छत्री न्या." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मास्तरांची बायको, जिला मी मावशी म्हणायचे, ती या सगळ्याच्या उलट. कमी बोलायची, बोलली की नेमकं. रोज सकाळी धुण्याची बादली घेऊन आमच्या आळीच्या घाटावर जायची. वाईत प्रत्येक आळीला तिचा घाट आहे, काळ्या दगडाच्या लांबच लांब पायऱ्या, थेट कृष्णेत उतरणाऱ्या. मावशीचा धुण्याचा दगड ठरलेला होता. त्या दगडावर दुसऱ्या कुणाची बादली ठेवलेली मी कधी पाहिली नाही.

आणि त्या दगडासमोरच मास्तरांची गाडी थांबायची. पाण्यातली गाडी. तिची गोष्ट आधी सांगायला हवी.

मास्तर म्हणायचे, "कृष्णामाईचा आन् माझा रूट एकच. महाबळेश्वरला सुटायचं आन् सांगलीच्या दिशेनं पळायचं. जलमभर मी हिच्या काठाकाठानं गाडीत उभा राहून गेलो, पर हिच्या अंगावर कवा बसलो न्हाई." रिटायर झाल्यावर हे त्यांच्या डोक्यात बसलं. सांगलीला मुक्कामी असताना त्यांनी पुराच्या पाण्यातून गुळाच्या काहिलीत, उसाचा रस उकळायच्या त्या भल्यामोठ्या पसरट कढईत, बसून येणारी माणसं पाहिली होती. तेव्हा ओळखीच्या गुऱ्हाळावरून त्यांनी एक काहील मागून आणली आणि घाटावरून पाण्यात ढकलून तिच्यात बसले. मी वाईला यायच्या आधीची गोष्ट ही, पण सगळी आळी अजून सांगायची. काहील पुढे जाईना. जागच्या जागी गरगर फिरू लागली. मास्तर एकदा देवळाकडे तोंड करून, एकदा पलीकडच्या उसाकडे. पायरीवरून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, प्रदक्षिणा झाली आसंल तर या वर, परसाद घ्यायला!"

मग त्यांनी तराफा केला. रिकामी पत्र्याची पिंपं, त्यावर बांबू, बांबूवर फळ्या. चार कोपऱ्यांना चार खांब, आणि खांबांच्या डोक्यावरून ओढून घेतलेली सुताची दोरी, टोकाला घंटी. अगदी जुन्या एस.टी.त असायची तशी. एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. बांबूनं रेटायला नदीवर जाळी टाकणारा एक गडी धरला होता. त्याला मास्तर ड्रायव्हरसाहेब म्हणत. स्वतः मास्तरांनी त्या बांबूला कधी बोट लावलं नाही. म्हणायचे, "कंडक्टरनं स्टेअरिंगला हात लावायचा न्हाई. नियम हाय."

वरच्या घाटावर बसायचं, एकेक आळीचा घाट मागे टाकत, ढोल्या गणपतीच्या समोरून पुलाशी उतरायचं. अंतर काही फार नाही. पण चालत जाणाऱ्याला गावाची फक्त पाठ दिसते, पाण्यातून गावाचं तोंड दिसतं. महाबळेश्वरला जाणारी पुण्या-मुंबईची माणसं हौसेनं बसायची. मास्तर प्रत्येकाला घाटावरच्या पिंपळाचं एक पान द्यायचे, जुन्या पंचनं भोक पाडून. तिकीट. ते हातात धरून बसायचं, नाहीतर मास्तर विचारायचे, "तुमचं झालं का?"

माहिती पण सांगायचे, पण ती त्यांची. कुणी विचारलं की हा घाट कुणी बांधला, तर म्हणायचे, "बांदला सरदारांनी, झिजवला बायकांनी. आता कष्ट कुणाचं जास्त झालं, तुमी ठरवा." मग एकेक पायरी दाखवायचे, कुठल्या पायरीवर बसून कोण रुसलं होतं, कुठल्या कोनाड्यात पोरं परीक्षेच्या आधी नारळ लपवून ठेवतात.

मागच्या खांबाला एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं : मागाल तिथं थांबा.

आणि ते खरंच थांबायचे. कुणाला खंड्या दिसला, थांबा. कुणाला आपण लहानपणी भाड्यानं राहत होतो ती खिडकी दिसली, थांबा. एक म्हातारी नुसतीच म्हणाली, "थांबवा हो जरा," आणि काही न बघता डोळे मिटून बसली. मास्तरांनी घंटी ओढली, ड्रायव्हरनं बांबू तळाला रोवला, तराफा उभा. पुण्याचे एक गृहस्थ घड्याळ बघत म्हणाले, "अहो, आम्हाला पाचगणीला जेवायला पोचायचंय. त्या बाई झोपल्यात!"

मास्तर म्हणाले, "झोपू द्यात. त्यांचा थांबा हाय."

"आणि आमचं काय?"

"तुमाला कुठं थांबायचं आसंल तर सांगा की. तुमच्यापायीबी थांबतो."

कमाल म्हणजे पुढच्या घाटाला त्या गृहस्थांनीच थांबवायला लावलं. कशासाठी, ते आता आठवत नाही.

तर सकाळच्या प्रत्येक फेरीत, कुणी मागो न मागो, एक थांबा ठरलेला. मावशीचा दगड. तराफा तिथं आला की मास्तर स्वतः घंटी ओढायचे. नवी माणसं इकडेतिकडे बघायची, इथं काय आहे? इथं एक बाई पाठमोरी बसून धुणं आपटतेय, एवढंच. मास्तर दोरीला हात लावून उभे राहायचे. ती वळायची नाही. उलट धुणं जास्त जोरात आपटायची, इतकं की पुढच्या फळीवरच्या लोकांच्या अंगावर शिंतोडे यायचे. थोडा वेळ जायचा. मग मास्तर डबल बेल मारायचे आणि गाडी निघायची.

मावशीनं एकदा त्या तराफ्यात बसावं, एवढीच मास्तरांची आयुष्यात उरलेली इच्छा होती. हे सगळ्या वाईला ठाऊक होतं. घाटावरच्या बायका तर पैजा लावायच्या. पण मावशी का बसत नाही, ते मला बरेच दिवस कळलं नाही. मी विचारायचे, तर म्हणायची, "मला पाण्याची भीती वाटती." जी बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून जन्म काढते, तिला पाण्याची भीती! मी बी.ए. होते, अगदीच खुळी नव्हते.

मग एकदा अण्णा आले. पहिल्यांदाच लेकीच्या नोकरीचं गाव बघायला. अण्णांनी तरुणपणी मुंबईत हमाली केली होती, मग परत येऊन शेरडं-मेंढरं. त्यांना नदी दाखवायची म्हणून मी मास्तरांच्या गाडीत बसवलं. मीही बसले, फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून, कारण भीती मला खरोखरच वाटायची. अण्णा मधोमध मांडी घालून बसले. पटका, हातात पिंपळाचं पान. निम्म्या वाटेवर आल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "हे समदं गोडं पाणी हाय व्हय गं?"

"गोडंच की अण्णा. नदी आहे ती."

"मुंबईत समिंदर लय बगितला. पर खारा. बघून बघून तहान लागायची." मग जरा वेळानं मास्तरांना म्हणाले, "आवं पाव्हणं, जरा थांबवता का?"

घंटी वाजली. अण्णा कडेला सरकले, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. घातला तो घातलाच. तोंड धुतलं नाही, ओंजळ भरली नाही. नुसता हात आत ठेवून बसले. पाणी त्यांच्या हाताला दुभागून पुढे जात होतं. मागं बसलेल्या एका कॉलेजच्या पोरानं दुसऱ्याला विचारलं, "आजोबांचं काय पडलं का रे पाण्यात?" मास्तरांनी त्याच्याकडे असं बघितलं की ते पोरगं गप्प झालं. किती वेळ थांबलो कोण जाणे. ड्रायव्हरचे दंड दुखायला लागले असतील, पण तोही हलला नाही. शेवटी अण्णांनी हात काढला, पुसला नाही, आणि म्हणाले, "चला आता."

घरी आल्यावर अण्णा मावशीला म्हणाले, "तुमचं मालक लय मोठ्या मनाचं हायेत बगा. समद्यांपायी थांबत्यात."

"व्हय," मावशी म्हणाली. "समद्यांपायी थांबत्यात." आणि तवा चुलीवरून असा उतरवला की अण्णांनी पुढचा शब्द गिळला.

दुसऱ्या दिवशी अण्णांना स्टँडवर सोडून मी परत आले, तर मावशी ओसरीवर सुपात घेवडा निवडत होती. मीही समोर बसून निवडायला लागले. न विचारताच ती सांगायला लागली.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. पंचमीला ती माहेरी गेली होती. माहेर पाचवडच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. परत यायच्या दिवशी तिच्या भावानं बैलगाडी जुंपली आणि घरातल्या, शेजारच्या सगळ्या बायका गाडीत घातल्या. कशाला? तर दाजी मोटारीवर आहेत, खाकी कपड्यात असतात, गळ्यात पिशवी असते, ते बघायला. भाऊ रस्ताभर सांगत होता, आमच्या आक्कापायी सरकारी गाडी फाट्यावर थांबणार.

"आलो फाट्यावर. म्या डोईवर पदर घेतला. हातात बोचकं. लांबनं गाडी दिसली तशा बायका म्हणाल्या, आली, आली. गाडी आली. ह्यो मागच्या दारात उभा. मला बगितलं. बगून हासला, पोरी! हासला आन् डबल बेल मारली."

"आणि?"

"आन् काय? धुरळा."

मी हातातला घेवडा तसाच धरून बसले.

"बायका जी हासाया लागल्या! माझा भाऊ तर बैलाच्या आडाला गेला, त्याला तोंड दावायला जागा राह्यली न्हाई. दिस कलताना साधी गाडी आली, तवा आलो. घरी आलो तर ह्यो बसलाय. म्हनतोय, जलद गाडी हुती, फाट्याला थांबा न्हाई. आन् वर म्हनतोय, पाणी दे."

"दिलंत?"

"दिलं की. पाणी कुणाला न्हाई म्हनू नये. पर त्याच दिशी ठरीवलं, ह्या माणसाच्या गाडीत पाय ठेवायचा न्हाई." आणि तिनं ठेवला नाही. सातारला जायचं असलं तर मास्तरांची गाडी जाऊ द्यायची आणि मागच्या गाडीत बसायची. नोकरीच्या शेवटच्या दिवशी गाडीला हार घालून इतरांच्या बायका शेजारी बसतात, ही तिथंही बसली नाही.

पुढे काही दिवसांनी मी मास्तरांना गाठलं. ते खांबाला टेकून पेपर वाचत होते. मला आडून बोलता येत नाही. म्हटलं, "मास्तर, मावशीला तराफ्यात बसवायचंय ना? मग चुकलं म्हणा."

"काय चुकलं?"

"फाट्यावर. तुम्ही थांबला नाहीत ते."

त्यांनी पेपर खाली केला. "जलद गाडी हुती, बी.ए. फाट्याला थांबा नव्हता. आज बायकोपायी थांबीवली, तर उद्या मामापायी थांबवा म्हनतील. नियमानं मी चुकलो न्हाई."

"मग आता सगळ्यांसाठी कशाला थांबता?"

"तवा नियम खात्याचं हुतं. आता माझं हायेत."

"हसलात का मग? हसायचा पण नियम होता?"

यावर त्यांनी पेपरची उभी घडी घातली. तिची आणखी एक घडी घातली. मग म्हणाले, "आवं, नवी नवरी हुती. बोचकं घिऊन उभी. लय ग्वाड दिसत हुती. म्हनून हासलो."

"हे तिला सांगितलंत कधी?"

"आसलं कुणी सांगतं व्हय!" असं म्हणून ते पेपर बोटांत खोचून निघून गेले. 'चुकलं' हा तीन अक्षरांचा शब्द त्यांच्या तोंडातून निघत नव्हता, आणि त्या शब्दाशिवाय मावशी दगडावरून उठत नव्हती. मी तिलाही समजावून पाहिलं. ती म्हणाली, "पोरी, तू बुकं शिकलीस ते चांगलं झालं. पर तू कवा फाट्यावर उभी ऱ्हायली न्हाईस."

माघात कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला. देवी एकेका आळीच्या घाटावर मुक्काम करते, त्या आळीत तेवढे दिवस मांडव, भजनं, जेवणाच्या पंगती. आमच्या आळीची पाळी आली तसा मावशीचा भाऊ माहेरच्या बायकांना घेऊन जेवायला आला. दरवर्षी यायचा आणि दरवर्षी उंबऱ्यातून एकच विचारायचा, "आक्के, गाडी थांबली का गं?" त्यावर हशा. मास्तरही हसायचे. मावशी तेवढी आत निघून जायची.

त्या वर्षी मात्र मास्तर हसले नाहीत. कारण ड्रायव्हरला सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात कायमची नोकरी लागली होती. बिचारा चार-सहा वेळा सांगायला आला आणि न सांगता परत गेला. शेवटी मीच मास्तरांना सांगितलं. त्यांनी त्याला पेढा भरवला आणि म्हणाले, "परमनंट हाय न्हवं? मग जा." दुसरा माणूस धरायला तयार झाले नाहीत. ड्रायव्हर गेला की गाडी बंद. पंगतीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळची फेरी शेवटची, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. भर मांडवात, मावशी आमटी वाढत असताना, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. मावशीनं पुढच्या पानावर आमटी वाढली आणि पुढे गेली.

सकाळी मी मावशीबरोबर घाटावर गेले. पाहुण्यांच्या अंथरुणांचं, साड्यांचं मोठं धुणं होतं. वरच्या अंगानं तराफा आला. सगळं माहेरच त्यात भरलं होतं. भाऊ पुढे, मागे बायका, प्रत्येकीच्या हातात पिंपळाचं पान. दगडासमोर आल्यावर घंटी वाजली. बांबू रोवला गेला.

मावशीनं धुणं आपटायला सुरुवात केली.

"आक्के, ये की गं," भाऊ म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "शेवटची गाडी हाय म्हनत्यात."

धपाधप धुणं चाललेलंच. मास्तर दोरीला हात लावून उभे होते. मला वाटलं, आता डबल बेल होणार आणि संपलं. पण मास्तरांनी दोरी सोडली. कडेला आले, आणि पँटसुद्धा वर न सारता पाण्यात उतरले. घाटाच्या बुडालेल्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात. दोन पावलं चालून दगडाशी आले.

"आगं..."

मावशीचा हात थांबला. आख्खा घाट थांबला. मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मी मनातल्या मनात तो शब्द त्यांच्या तोंडात ढकलत होते.

"जागा हाय," ते म्हणाले. "बसायला हाय."

मी कपाळाला हात लावला.

मावशी वळली. पहिल्यांदा वळली. मास्तरांना वरून खालपर्यंत बघितलं, ओल्या पँटीपर्यंत. मग म्हणाली, "तुमी गाडीतनं उतरलाय व्हय?"

"व्हय."

"मग गाडीत कंडक्टर कोन हाय?"

मास्तरांनी मागं बघितलं. "कोन न्हाई."

"मंग बसती." मावशीनं हातातली साडी दगडावर टाकली, ओचा खोचला, भावाचा हात धरला आणि चढली. चढून उभी राहिली, दोरीपर्यंत हात पुरवला आणि ती दोनदा ओढली.

ड्रायव्हर मास्तरांकडे बघायला लागला.

"तिकडं काय बगतोस? चल," मावशी म्हणाली.

तराफा निघाला. बायकांनी असा गलका केला की पिंपळावरची वटवाघळं उठली असतील. मास्तरही हसत होते. पाण्यात उभे राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून, पोटभर हसत होते. मावशी मागच्या खांबाला धरून आमच्याकडे तोंड करून उभी होती. तराफा लांब लांब गेला. ती बारीक होत गेली. मग मास्तरांचं हसू हळूहळू उतरलं.

"बी.ए.," ते म्हणाले, "मागं ऱ्हायलं की आसं दिसतंय व्हय?"

मी तराफ्याकडेच बघत होते.

"म्या कवा बगितलंच न्हाई. म्या कायम गाडीतच." मग म्हणाले, "लय चुकलं, वो."

"मला काय सांगताय?" मी म्हटलं. "पुलापाशी उतरेल ती."

त्यांनी दगडावरचं सगळं धुणं गोळा करून बादलीत कोंबलं आणि बादली घेऊन पळत सुटले. मी मागे. नदी सरळ जाते, काठ सरळ जात नाही. एका घाटाच्या पायऱ्या चढायच्या, देवळाच्या बाजूनं जायचं, दुसऱ्या घाटाच्या उतरायच्या, तिथं मांडवाच्या दोऱ्या, तिथं वाळवणं. लोक विचारत होते, "मास्तर, कुठनं कुठं?" मास्तर उत्तर देत नव्हते. पायांत चपला नव्हत्या. तराफा माहेरच्या बायकांनी दोन-तीन ठिकाणी थांबवायला लावला, म्हणून आम्ही पोचलो.

मावशी भावाच्या आधारानं उतरत होती. तोंडावर ऊन आणि तोंड लालेलाल, लहान पोरीसारखं. मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, हातात ठिबकणारी बादली, छाती भात्यासारखी हलतेय.

"चुकलं माझं."

"कवा?"

"तवा. फाट्यावर."

भावानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मावशीनं मागं न बघता हात वर केला, तो गप्प बसला.

"जलद गाडी हुती न्हवं?" मावशी म्हणाली. आवाज अगदी हळू.

"हुती. तरी थांबाया पायजे हुतं."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली गेली. बादलीच्या कडेवरून लुगड्याचं टोक लोंबत होतं आणि पायऱ्यांवर पाण्याचा ओघळ वरपर्यंत, आम्ही आलो त्या वाटेनं.

"आन् हे न पिळताच आणलंय व्हय एवढ्या लांब?"

"पिळतो की."

"तुमाला काय येतंय! धरा ते टोक."

मास्तरांनी एक टोक धरलं, मावशीनं दुसरं. नऊवारी साडी दोघांत ताणली गेली. सगळं माहेर, ड्रायव्हर, मी, पुलावर थांबलेली चार माणसं बघत होतो. दोघांनी पिळायला सुरुवात केली आणि दोघंही एकाच बाजूला फिरवायला लागली. साडी पिळली जाईना, नुसती गोल गोल फिरत राहिली.

"आवं, उलट्या अंगानं फिरवा की!" मावशी ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला हसू फुटलं.

मास्तरांनी हात उलटे फिरवले. साडीला पीळ बसला आणि पाण्याची धार पायऱ्यांवरून खाली कृष्णेत गेली.